माझ्याच वर्गाचं प्रशिक्षण

आमच्या संस्थेची इमारत भाईंदरला, गोडदेवच्या आतल्या बाजूला आहे. खालच्या दोन मजल्यांवर मराठी शाळा, वर इंग्रजी. जिना वेगळा, गणवेश वेगळा, गेटही वेगळं. मी नोकरीला लागले तेव्हा मराठीच्या प्रत्येक इयत्तेला दोन-तीन तुकड्या होत्या. आता एकेक उरलीय, तीसुद्धा आम्ही बाया मे महिन्याच्या उन्हात गल्लोगल्ली फिरून मुलं गोळा करतो म्हणून.

माझ्याकडे वर्षानुवर्षं पहिलीचा वर्ग होता. दुसरीला काशीगावच्या बाई होत्या. त्या माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, निवृत्तीला आलेल्या. माहेर-सासर दोन्ही जवळच्या काशीगावातच. घरी त्या गावचं बोलायच्या, शाळेत मात्र अगदी पुस्तकातल्यासारखं. गेटमधून आत आल्या की त्यांची भाषा बदलायची. 'हाय'चं 'आहे' व्हायचं आणि 'न्हाय'चं 'नाही'. इतकं जपून बोलायच्या, की कधी कधी एखादा शब्द जिभेवरच अडायचा आणि त्या वाक्य अर्धंच सोडून द्यायच्या.

मला ते अडणं ओळखीचं होतं. मी लहान असताना आम्ही परभणीकडून इकडे आलो. वडील एका बँकेत शिपाई होते, त्यांची बदली झाली आणि भाईंदर पूर्वेला खोली स्वस्त मिळाली. पहिल्याच दिवशी बाईंनी उशीर का झाला विचारलं आणि मी म्हणाले, "आई डबा करायली होती." वर्ग हसला. बाईही हसल्या. 'करायली' हे माझं नावच पडलं. त्यानंतर वर्षभर मी शाळेत जवळजवळ बोललेच नाही, आणि प्रगतिपुस्तकावर शेरा आला, 'मुलगी अबोल आहे.'

आमच्या वर्गात येणारी बहुतेक मुलं अशीच अबोल व्हायला तयार होऊन येतात. कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या घरी कोकणातली बोली, कुणाचे आईवडील लातूर-नांदेडकडून इमारतीच्या कामाला आलेले, चार-दोन मुलं गोडदेवमधल्या जुन्या घरांतली. पुस्तकातली मराठी यांतल्या कुणाच्याच घरी बोलत नाहीत. आम्ही मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून 'कमल नमन कर' वाचायला लावायचो. मुलं पाठ करायची आणि ओळीवर कुठंही बोट ठेवून म्हणायची. ते वाचन नव्हतं.

एकदा मधल्या सुट्टीत मी काशीगावच्या बाईंना माझ्या 'करायली'ची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "माझ्या वेळंला तर छडी होती. 'न्हाय' म्हटलं की छडी." मग डबा पिशवीत ठेवत म्हणाल्या, "यांचंच बोलणं लिहून काढलं फळ्यावर, तर?"

तिथून ते सुरू झालं, आमच्या दोघींच्या वर्गांत. रोज सकाळी एका मुलानं काहीतरी सांगायचं. ते जसं बोलेल तसंच मी जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहायचे. 'माझी आय म्हावरा इकाला गेली.' 'बाबा बिल्डिंगला रंग द्यायलेत.' 'आज पानीच नाय आला.' वाक्य ज्याचं, त्याचं चित्र शेजारी. ते आठवडाभर भिंतीवर राहायचं, सगळी मुलं ते वाचायची, कारण काय लिहिलंय ते त्यांना आधीच ठाऊक असायचं आणि आता त्यांना अक्षरं शोधायची असायची. 'म्हावरा'तला 'र' त्यांना 'नमन कर'मधल्या 'र'पेक्षा लवकर सापडायचा. मग दुसऱ्या कागदावर तेच वाक्य पुस्तकात कसं येईल ते लिहायचं, 'माझी आई मासे विकायला गेली', आणि पहिल्याच्या बाजूला लावायचं. पहिलं खाली काढायचं नाही, हा काशीगावच्या बाईंचा नियम. "दोन्ही आपलीच," त्या मुलांना सांगायच्या, "एक घरची, एक शाळेची."

दिवाळीपर्यंत मुलं वाचायला लागली. खरंच वाचायला लागली. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, रिक्षांच्या मागचा मजकूर. एका मुलीची आई हिंदीत सांगत आली, "टीचर, ये तो रास्ते में रुक-रुक के पढ़ती है, घर पहुँचने में देर हो जाती है." मी त्या दिवशी किती खूश होते ते कुणाला सांगितलं नाही. सांगायला होतं तरी कोण? शाळेत काय शिकवलं हे विचारणारं कुणी नसतं, माहिती भरली का हे विचारणारे ढीगभर.

आम्हाला प्रशिक्षणं नव्हती असं नाही. प्रशिक्षणं भरपूर होती. कुठल्या तरी हॉलमध्ये बसायचं, समोर एक सर पडद्यावरचं जसंच्या तसं वाचून दाखवणार, दुपारी पुरीभाजी, शेवटी गटानं फोटो आणि तो अपलोड करायचा. कुणी प्रश्न विचारला तर बाकीचे शिक्षक त्याच्याकडे रागानं बघायचे, कारण सुटायला उशीर होणार. मी ती सगळी केली, पण त्यांतलं वर्गात वापरता आलेलं एकही मला आठवत नाही. मला शिकायचं होतं. मुलं भाषा कशी शिकतात, दोन भाषा डोक्यात असल्या की काय होतं, आम्ही जे करत होतो ते बरोबर की नुसतं आमच्या मनाचं, हे कुणीतरी समोर बसवून सांगावं असं फार वाटायचं. डी.एड.नंतर बी.ए. बाहेरून केलं, पुढे लग्न, मुलं, सासूबाईंचं आजारपण. शिकायचं राहून गेलं.

अशात एक मुलगी आली. एका कंपनीच्या समाजकार्याच्या निधीतून शाळांना मदत करणारी एक संस्था होती, तिच्याकडून. नाशिकची, पंचविशीतली, मीरा रोडला पेईंग गेस्ट राहणारी. आमच्या शाळेच्या सेक्रेटरींनी तिला आधी वर इंग्रजी शाळेत नेलं होतं. खाली ती चुकून आली. पाणी प्यायला म्हणून माझ्या वर्गात डोकावली आणि भिंत बघून दारातच उभी राहिली.

"मॅडम, हे मुलांचंच बोलणं आहे?"

"हो."

"जसंच्या तसं?"

"जसंच्या तसं."

दुसऱ्या दिवशी ती परत आली. मग येतच राहिली. मुलांच्यात खाली मांडी घालून बसायची, सुट्टीत आमच्या डब्यातलं खायची. कितीतरी दिवस तिनं आमच्या वर्गांचं चित्रीकरण केलं. एवढं खोदून-खोदून विचारणारं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी भेटलं होतं. हे कुठून सुचलं, एखादं मूल बोललंच नाही तर काय करता, दुसरा कागद नेमका कधी लावता? उत्तरं देता-देता माझं मलाच कळत गेलं की मी काय करतेय.

एक दिवस ती म्हणाली, "आमची एक अभ्यासवृत्ती आहे, शिक्षकांसाठी. वर्षभराचा अभ्यास, पुण्याला. अधूनमधून आठवडाभर तिथं राहायचं, बाकी वर्ग सांभाळून. भाषाशिक्षणाचे चांगले लोक शिकवतात. सोबत शाळेला वाचनदालन. मी तुमच्या शाळेचा प्रस्ताव पाठवतेय. तुमच्याच कामावर."

मी काशीगावच्या बाईंकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघतेस?" त्या म्हणाल्या. "मना आता कुठं जायचंय? तू जा. शिकून ये आनि मना सांग."

शाळेच्या आवारात त्यांच्या तोंडून 'मला'ऐवजी 'मना' मी पहिल्यांदा ऐकलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "जा ना, पोरांचं बघतो मी." मी एक नवी बॅगसुद्धा बघून ठेवली होती, स्टेशनजवळच्या दुकानात. अजून काही ठरलेलं नव्हतं, तरी मी त्या दुकानापुढून जाताना रोज तिच्याकडे बघायचे.

प्रस्ताव मंजूर झाला. आमच्या सेक्रेटरींनी मला बोलावलं. गोड माणूस. आवाज कधी चढवत नाहीत, आलेल्याला आधी बसायला सांगतात. मी बसले.

"बाई, अभिनंदन. तुमच्यामुळे शाळेचं नाव झालं."

"थँक्यू सर."

"आता अभ्यासवृत्तीचं. नाव मॅनेजमेंटनं द्यायचंय. आम्ही विचार केला, आमच्या सूनबाईंना पाठवावं."

त्यांची सून वर इंग्रजी शाळेत दोन वर्षांपासून शिकवत होती. पहिलीला कधीच नाही.

मी म्हणाले, "सर, पण ते काम तर आमच्या वर्गातलं आहे."

"अहो, म्हणूनच. तुम्हाला ते येतंच आहे. तुम्हाला शिकायची काय गरज? ज्याला येत नाही त्यानं शिकायला जावं." मग थोडं पुढे वाकून, समजुतीनं, "आणि तिकडे सगळं इंग्रजीत चालतं, बाई. तुमची तिथं अडचण होईल. मला तुमचा अपमान झालेला आवडणार नाही. शिवाय तुम्ही गेलात तर पहिली कोण बघणार?"

मी उठले. दारापर्यंत गेल्यावर त्यांनी विचारलं, "नाराज नाही ना?" आणि मी म्हणाले, "नाही सर." त्यांच्या केबिनमध्ये आजवर कुणी वेगळं काही म्हटल्याचं मला माहीत नाही.

ती नाशिकची मुलगी धावत आली. डोळे भरलेले. "मी आमच्या ऑफिसात वर बोलले, मॅडम. पण नाव द्यायचा अधिकार मॅनेजमेंटचाच आहे. तिकडे इंग्रजीत चालतं हे खोटंय. अर्ध्याहून जास्त मराठीत असतं." हे तिनं मला सांगायला नको होतं. नसतं कळलं तर मी निदान माझ्या इंग्रजीला दोष देऊन मोकळी झाले असते.

वाचनदालन झालं. वरच्या मजल्यावर. खाली जागा नाही असं कारण. रंगीत गाद्या, बुटकी कपाटं, एसी. आमच्या मुलांना आठवड्यातून एक तास, रांगेनं, चपला बाहेर काढून. पुस्तकं बहुतेक इंग्रजी. एका कोपऱ्यात मराठीचं कपाट होतं, ते कुलूपबंद, कारण आमची मुलं पुस्तकं खराब करतात म्हणे.

वर्षानं सूनबाई पुण्याहून शिकून आल्या आणि आम्हा सगळ्यांना आदेश निघाला, मराठी शाळेच्या शिक्षिकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण, हजेरी सक्तीची. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्या, सूनबाई. मला त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. बाई मनानं वाईट नव्हती. सासऱ्यानं पाठवलं म्हणून गेली, दिलेलं घोकून आली. प्रशिक्षणाच्या सकाळी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, तुमच्यासमोर बोलायचं म्हणजे टेन्शन आलंय." मी हजेरीपत्रकावर सही केली. ती खरंच घाबरली होती आणि मला तिची कीवही येत नव्हती.

पडदा उजळला आणि त्यावर माझा वर्ग आला.

माझी मुलं. माझी भिंत. मी खडू घेऊन पाठमोरी उभी. आवाज काढून टाकलेला आणि त्यावर कुणाचा तरी छापील मराठीतला आवाज चढवलेला: 'बोलीकडून प्रमाण भाषेकडे.' खाली त्या नाशिकच्या मुलीच्या संस्थेचं नाव. माझं नाव नव्हतं, काशीगावच्या बाईंचंही नव्हतं. शेजारच्या शिक्षिकेनं मला कोपरानं ढोसलं, "अगं, तू दिसतेयस की." तिला कौतुक वाटत होतं.

मग पायऱ्या आल्या. पहिली पायरी, मुलाचं वाक्य लिहा. दुसरी पायरी, चुकीच्या शब्दांना लाल गोल करा. तिसरी पायरी, मुलाकडून शुद्ध वाक्य लिहून घ्या आणि जुनं पुसून टाका. पडद्यावर 'म्हावरा'भोवती लाल गोल होता. 'इकाला'भोवती लाल गोल होता. 'आय'भोवतीसुद्धा.

हे पुण्याच्या लोकांनी शिकवलं होतं, की मधे कुठं असं झालं, मला अजून माहीत नाही. मी बसूनच राहिले. उठल्या त्या काशीगावच्या बाई.

"खोडायचा न्हाय त्यो," त्या म्हणाल्या.

सूनबाई थांबल्या. "काय म्हणालात, बाई?"

"म्हटलं, खोडायचा न्हाय. त्या पोरीची आय म्हावरा इकते. आयंला गोल केला तुमी. उद्या ती पोर बोलंल का तुमच्याशी? लाल गोल केला का पोर गप बसतं. मी बसलेली हाय गप. सगला जलम गप बसलेली हाय." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "दोन्ही ठेवायचं. एक घरचा, एक शालंचा. ह्या बाईंनी नि मी ते केलंय, तुमच्या त्या पडद्यावर हाय ते आमचंच हाय."

मला वाटलं, आता काहीतरी होईल. कुणीतरी विचारेल, पडदा बंद होईल, निदान भांडण तरी होईल. मागच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. सूनबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. "खूप छान शेअरिंग, बाई. थँक्यू," त्या म्हणाल्या आणि पुढचं पान आलं. काशीगावच्या बाई थोडा वेळ तशाच उभ्या होत्या. मग बसल्या. मी त्यांचा हात धरला.

दुपारी मी उभी राहिले आणि सांगितलं, की हा वर्ग माझा आहे आणि पद्धत अशी नाही. सूनबाई म्हणाल्या, "मॅडम, मॉड्यूल वरून आलंय. मी बदलू शकत नाही." हे मात्र खरं होतं.

आठवड्याभरानं सेक्रेटरींनी काशीगावच्या बाईंना बोलावलं. बसायला सांगितलं. म्हणाले, "बाई, तुमची भाषा एवढी बिघडलेली मला माहीत नव्हतं. लहान मुलांवर परिणाम होतो. शेवटचं वर्ष आहे, आराम करा. ऑफिसात बसा, दाखले वगैरे बघा." इतकी वर्षं दुसरीला शिकवलेल्या बाई निवृत्तीपर्यंत ऑफिसातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून होत्या. कुणाशी बोलायची वेळ आली तर एका शब्दात उत्तर द्यायच्या. शुद्ध.

माझ्याकडून पहिली काढून घेतली. मी लाल गोल करणार नाही असं लेखी दिलं होतं. आता मला सहावी-सातवीचा इतिहास आहे. पहिलीच्या वर्गात एक नवी मुलगी लागलीय, कंत्राटी, गरजू. ती सांगितलं तसं करते. जाता-येता भिंत दिसते. वाक्यं सगळी एकसारखी झालीत. 'माझी आई कामाला जाते.' 'माझे बाबा कामाला जातात.' मुलांना आता कळलंय, काय बोललं की गोल होत नाही.

त्या कंपनीचा निधी पुढच्या वर्षी दुसऱ्या कुठल्या तरी विषयाकडे गेला, झाडं की पाणी, असंच काहीतरी. वाचनदालन बघायला पाहुणे यायचे, ते थांबले. वाचनदालनाचा एसी बिघडला तो बिघडलाच. नाशिकची मुलगी नोकरी सोडून गेली. जाण्याआधी भेटायला आली होती. मीरा रोडला एका हॉटेलात आम्ही चहा घेतला. तिनं माफी मागितली. पुन्हा पुन्हा मागितली. तिची चूक नाही असं मी म्हणायला हवं होतं, ते सोपं होतं, तिलाही बरं वाटलं असतं. मी म्हणाले, "तू आमच्या वर्गात आली नसतीस तर बरं झालं असतं." ती मान खाली घालून बसली. मला ते शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत. अजूनही वाटत नाहीत.

मागच्या महिन्यात मी काशीगावला गेले. बाईंचं घर हायवेपासून आत, चहूबाजूंनी टॉवर आलेत, मधे हे एक कौलारू उरलंय. त्यांच्या मोठ्या मुलाची मुलगी यंदा बालवाडीत घातलीय, इंग्रजीच्या. मी मनात एक बेत घेऊन गेले होते. म्हटलं, बाई, आता तुम्ही मोकळ्या आहात, मी शनिवार-रविवार येते. तुमच्या ओटीवर आजूबाजूची मुलं बसवू. कुणाचा निधी नको, कुणाची परवानगी नको.

त्यांनी ऐकून घेतलं. नात आतून पळत आली, "आजी, मना पानी दे." बाईंनी पाणी दिलं आणि हळू, पण स्पष्ट म्हणाल्या, "मना न्हाय बाळा. मला. मला पाणी दे, म्हण."

"मला पाणी दे," नात म्हणाली.

मी बाईंकडे बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"तिला त्या शाळेत हसतात," त्या म्हणाल्या. "जाऊ दे. तुझं शिकवायचं चांगलं आहे, पण मला नको आता." मग विषय बदलला. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही, डॉक्टर काय म्हणतो, सुनेला सुट्टी मिळते की नाही. मी ऐकत होते. त्यांनी जेवायला थांबवलं. मी जेवले आणि निघाले.